कष्ट यंत्राला, कसब हाताला

सरकारी रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजेच व्यवसायोपचाराच्या खोलीत डोकावले तर ती दवाखान्यातली खोली वाटतच नाही. टेबलावर शर्टाची बटणे, नट-बोल्ट, कपड्यांचे चिमटे, एका वाटीत मिसळलेले राजमा आणि वाटाणे, मळायला रंगीत लगदा असा संसार मांडलेला असतो. उजव्या अंगावरून वारे गेलेली साठीतली एखादी बाई तिथे बसलेली असते. शेजारी मुलगा उभा असतो. असे दृश्य तिथे नेहमीचे.

"मावशी, घरी या हाताला काय काम देता?" थेरपिस्ट विचारते.

उत्तर मुलगाच देतो. "काहीच नाही मॅडम. सगळं बंद केलंय. मिक्सर होताच, आता पोळ्यांचं यंत्रही आणलं. आईनं जन्मभर खूप केलं. आता तिनं फक्त आराम करायचा."

बाईचा उजवा हात मांडीवर निजल्यासारखा पडलेला असतो.

"यंत्र राहू द्या घरात," थेरपिस्ट म्हणते. "पण उद्यापासून मूठभर पीठ मावशीच मळतील. भाकरी वाकडी झाली तर ती तुम्ही खायची."

मुलाचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. त्याने आईवरच्या मायेनेच यंत्र आणले. पण त्याच यंत्राने आईच्या हाताचे औषधही काढून घेतले, हे त्याच्या लक्षात आले नाही. ही गोष्ट फक्त रुग्णांपुरती नाही. स्वयंपाकघरात, शाळेत, कारखान्यात आणि शस्त्रक्रियागृहातही आपण हातांची कामे एकेक करून यंत्रांकडे सोपवत आलो आहोत. त्यातले काय सोपवले ते बरे झाले आणि काय सोपवायला नको होते, याचा हिशेब आरोग्याच्या बाजूनेही मांडायला हवा.

न वापरलेला हात

पक्षाघातानंतर मेंदूच्या ज्या भागाला इजा होते, त्या भागाच्या ताब्यातला हात दुबळा पडतो. पुढच्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते, काही मार्ग पुन्हा सुरू होतात आणि हातात थोडी हालचाल येऊ लागते. पण तोपर्यंत रुग्णाने एक गोष्ट शिकून घेतलेली असते. दुबळ्या हाताने घास घ्यायला गेले की तो सांडतो, चांगल्या हाताने पटकन जमते. मग चांगलाच हात पुढे येतो. दुबळ्या हातात ताकद परत येत असली तरी त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी आधी माकडांमध्ये आणि नंतर माणसांमध्ये या सवयीचा अभ्यास केला. हात न वापरणे हेसुद्धा एक शिक्षणच असते, असे त्यांनी दाखवून दिले.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय ऐकायला उलटा वाटतो. दुबळ्या हाताला आधार द्यायचा नाही. चांगला हातच जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्याला कामाला लावायचे. २००६ मध्ये अमेरिकेत या पद्धतीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. उपचार मिळालेल्या गटाने दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ, चांगल्या हातात मोजा घातला आणि दुबळ्या हाताने कामांचा सराव केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

हा उपाय प्रत्येकासाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असतील तरच तो करता येतो आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पण त्यामागचे तत्त्व आपल्या सगळ्यांच्या कामाचे आहे. मेंदू आपली जागा वापरानुसार वाटतो. जे काम रोज होते त्याला तो जागा देतो, जे होत नाही त्याची जागा हळूहळू दुसऱ्याला जाते. १९९५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या असतात. त्या बोटांसाठी मेंदूत राखलेली जागा इतर लोकांपेक्षा मोठी आढळली. ज्यांनी लहान वयात शिकायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक जास्त होता.

भाकरी थापताना बोटांना काय कळते

ज्वारीच्या भाकरीचेच उदाहरण घेऊ. गव्हात ग्लुटेन असते, म्हणून कणकेला ताण येतो आणि पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालतात. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गोळा बांधला जातो. तळव्याच्या टाचेने पीठ रगडताना ते कधी मऊसूत झाले हे डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळते. पीठ जुने असेल, त्याची विरी गेली असेल, तर थापताना कडा फाटतात. सराईत हाताला हे पहिल्या थापेतच समजते आणि तो आपोआप थोडे पाणी वाढवतो, दाब कमी करतो. मग भाकरी परातीतून उचलायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या बेतात आले की उलटायची. उशीर झाला तर चिरते, घाई झाली तर चिकटते. सगळे जुळले तर आतली वाफ कोंडून पापुद्रा टम्म फुगतो.

ही कृती कागदावर कितीही नीट लिहिली तरी ती वाचून भाकरी येत नाही. दहा-वीस भाकरी बिघडाव्याच लागतात. त्याचे कारण आपल्या शरीराच्या रचनेत आहे.

माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात. दोन्ही हातांची मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक. गंमत म्हणजे बोटांमध्ये ती हलवणारे स्नायू नसतातच. ते तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटे हलवतात. प्रत्येक तळहाताच्या त्वचेत स्पर्श जाणणारे सुमारे १७ हजार सूक्ष्म संवेदक असतात. त्यांतले काही हलका स्पर्श आणि वस्तूचे घसरणे ओळखतात, काही कडा आणि पोत, काही कंप, तर काही त्वचेवर पडणारा ताण. बोटांच्या टोकांशी त्यांची सर्वाधिक दाटी असते.

ही सगळी माहिती मेंदूत जाते. १९३०च्या दशकात कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड हे मेंदूशल्यचिकित्सक फेफऱ्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. रुग्ण जागा असे, भूल फक्त डोक्याच्या त्वचेपुरती दिलेली असे. मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विजेने स्पर्श करत कुठला भाग शरीराच्या कुठल्या अवयवाशी जोडलेला आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. त्यावरून माणसाचे चित्र काढले तर ते विचित्र दिसते: धड किरकोळ, ओठ आणि जीभ मोठी आणि हात तर राक्षसासारखे. मेंदूच्या हिशेबात हाताचा अंगठा पाठीपेक्षा मोठा आहे.

हाताचे शिकणे हे पाठांतरापेक्षा वेगळे असते, हे त्याच मॉन्ट्रियलमधल्या ब्रेंडा मिलनर यांनी दाखवले. १९५३ मध्ये फेफऱ्यावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतले स्मृतीशी निगडित भाग दोन्ही बाजूंनी काढले गेले. त्यानंतर त्याला नवी कोणतीच घटना लक्षात राहीना. मिलनर यांनी त्याला आरशात पाहत एका चांदणीची रेघ गिरवायला दिली. सुरुवातीला हात वेडावाकडा जाई. तीन दिवसांत तो सफाईने गिरवू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला कधीच आठवले नाही. घटना विसरणारा मेंदू हाताचे कसब मात्र साठवत होता. स्मृतिभ्रंश झालेल्या काही आजी नातवंडांची नावे विसरतात, पण शेंगा हातात दिल्या की सोलू लागतात, याचे मूळ इथे आहे.

हे कसब तयार होते चुकांमधून. हात एक अंदाज बांधतो, प्रत्यक्षात वेगळे घडते, मेंदू तो फरक टिपतो आणि पुढच्या वेळी अंदाज सुधारतो. यंत्र वापरताना ही चूकच होत नाही. पीठ आणि पाणी घातले, बटण दाबले, पोळी बाहेर आली. पोट भरते, पण हात काही शिकत नाही.

जात्याचे ओझे विसरू नये

इथे एक धोका आहे. हातांचे गोडवे गाताना जुन्या काळाचे गोडवे गाणे सोपे असते आणि तसे करताना बहुतेक वेळा बायकांचे कष्टच गोड ठरवले जातात.

महाराष्ट्रातल्या बायका पहाटे तीन-चार वाजता उठून जात्यावर दळत. त्या दळण्याबरोबर ओव्या आल्या. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा ठेवा अमोल आहे. पण त्या ओव्यांमध्ये सासरचा जाच, थकवा आणि माहेरची ओढ यांना कमी जागा नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कोणत्याही बाईने जाते सुटल्याचे दुःख करत गिरणीकडे पाठ फिरवली नाही. ती शहाणी होती. दळण्यात ताकद जास्त लागते आणि नवे शिकायला फारसे उरत नाही. मैलभरावरून पाणी आणणे, फुंकणीने चूल फुंकत धूर छातीत घेणे, दगडावर कपडे आपटणे यांतही आरोग्याचे भले काही नव्हते. धुराच्या चुलीने कित्येक बायकांच्या फुप्फुसांचे कायमचे नुकसान केले आहे. त्यांच्यासाठी गॅसची शेगडी ही चैन नाही, ते आरोग्यरक्षण आहे.

शिवाय काही हातांना यंत्राची गरज औषधासारखीच असते. संधिवाताने बोटे सुजलेली असतील, मनगटातली नस दाबली जाऊन रात्री हाताला मुंग्या येत असतील, बाळाला सतत उचलून अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर पिळणे, किसणे, कुटणे यंत्राकडेच द्यावे. अशा व्यक्तीला "हाताने केलेलेच चांगले" असे ऐकवणे हा छळ आहे.

मात्र यंत्र आले की वेळ वाचतो, हे गणितही वाटते तितके सरळ नाही. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात गेल्या दोन शतकांतल्या घरगुती उपकरणांचा धांडोळा घेतला. नव्या चुली आल्या, तशी पुरुषांची लाकडे फोडण्याची कामे संपली. धुलाई यंत्र आले, तसे कपडे रोज बदलले जाऊ लागले. कामाचा भार हलका झाला, पण अपेक्षा वाढल्या आणि काम एकट्या आईकडे जमा झाले. आपल्याकडेही मिक्सर आल्यावर चटणी वाटायचे कष्ट वाचले, पण रोज दोन चटण्यांची अपेक्षा कुणाच्या ताटात वाढली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

वाचलेल्या कष्टांचा हिशेब

यंत्रांमुळे शरीराची हालचाल किती कमी झाली, हे मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी भांडी आणि कपडे हाताने धुणे, जिने चढणे, कामावर चालत जाणे यांची तुलना त्याच कामांसाठीच्या यंत्रांशी आणि वाहनांशी केली. फरक निघाला दिवसाला सुमारे १११ किलोकॅलरींचा. साधारण एका मध्यम चपातीइतका. आकडा लहान वाटतो, पण तो रोजचा आहे आणि वर्षानुवर्षांचा आहे. वाचलेली ही ऊर्जा दुसरीकडे कुठे खर्च झाली नाही तर पोटाच्या घेरावर जमा होते.

दुसरी गोष्ट मुठीच्या ताकदीची. भारतासह १७ देशांतल्या ३५ ते ७० वर्षांच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची मुठीची पकड यंत्राने मोजून त्यांच्यावर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पकड दर पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ चेंडू दाबत बसले की आयुष्य वाढते, असा नाही. मुठीची ताकद ही सगळ्या शरीरातल्या स्नायूंच्या तब्येतीची खूण आहे, एवढेच. आणि कणीक मळणे हा व्यायामाला पर्यायही नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे.

हाताच्या कामाचा खरा लाभ कॅलरींच्या पलीकडचा असावा. मेयो क्लिनिकमध्येच ८५ वर्षे आणि त्यावरच्या २५६ लोकांचा काही वर्षे पाठपुरावा केला गेला. मध्यमवयात आणि उतारवयातही लाकूडकाम, कुंभारकाम, शिवणकाम अशा हस्तकलांत रमलेल्यांमध्ये स्मरणशक्ती मंदावण्याचे प्रमाण कमी आढळले. प्रामाणिकपणे सांगायचे तर उतारवयात संगणक वापरणाऱ्यांमध्येही ते कमी होते. शिवाय तल्लख माणसेच अशा छंदांकडे वळत असतील, ही शक्यताही राहतेच. तेव्हा विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मेंदूला नवे शिकण्याचे काम मिळत राहणे चांगले, इतकेच आज म्हणता येते. ते संगणकातूनही मिळू शकते. पण बटण दाबून उभे राहण्यातून मिळत नाही.

तज्ज्ञांचे हातही विसरतात

हा प्रश्न भाकरीपुरता असता तर घरगुती म्हणून सोडून देता आला असता. पण तो वैद्यकाच्या दारातही उभा आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शल्यशिक्षणाचे प्राध्यापक असलेले रॉजर नीबोन यांनी २०१८ मध्ये एक चिंता जाहीरपणे मांडली. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांचे गुण उत्तम असतात, पण कापणे, शिवणे, गाठ मारणे अशा साध्या हस्तकौशल्यांत ती कच्ची असतात. लहानपणी काही बनवण्याचा, मोडण्याचा, जोडण्याचा सराव त्यांना मिळालेला नसतो. टाका घालताना ऊती किती ताणली म्हणजे फाटेल, हे पुस्तकातून कळत नाही. ते कळायला कापड, कागद, लाकूड, कणीक यांपैकी कशाशी तरी हातांची जुनी ओळख असावी लागते.

दुसरे उदाहरण अगदी ताजे आहे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना, पुढे कर्करोगात बदलू शकतील अशा गाठी शोधायच्या असतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली पडद्यावर संशयास्पद जागेभोवती चौकट आखून दाखवते. पोलंडमधील चार केंद्रांत ही प्रणाली सुरू झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला: ज्या तपासण्यांत प्रणाली वापरली नव्हती, त्यांचे काय झाले? प्रणाली येण्याआधी तेच अनुभवी डॉक्टर २८.४ टक्के तपासण्यांत अशा गाठी शोधत होते. प्रणालीची सवय झाल्यानंतर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे आणि घट होण्यामागे इतर कारणेही असू शकतात. पण शंभर तपासण्यांमागे सहा रुग्णांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

विमान वाहतुकीने हा धडा आधीच घेतला आहे. २००९ मध्ये एअर फ्रान्सचे रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि विमान अचानक वैमानिकांच्या हाती आले. त्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचा सराव त्यांना पुरेसा नव्हता. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकांनी विमान कंपन्यांना, योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान चालवू द्या, असा सल्ला दिला. स्वयंचलित यंत्रणा काढून टाका, असे कोणी म्हटले नाही. त्या यंत्रणांनी असंख्य जीव वाचवले आहेत. यंत्र ठेवा, पण सराव सोडू नका, एवढाच तो सल्ला होता. थेरपिस्टने मावशींच्या मुलाला वेगळे काही सांगितले नव्हते.

लहान हात

सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो मुलांच्या हातांचा. मोठ्यांच्या हातातून कसब जाते, मुलांच्या हातात ते येतच नाही. बुटाला नाडीऐवजी चिकटपट्टी, सोललेली फळे डब्यात, प्रकल्पाची चित्रे दुकानातून छापून आणलेली, मातीकामाच्या वहीत आईने केलेली फुले. प्रत्येक सोय स्वतंत्रपणे पाहिली तर किरकोळ आहे. सगळ्या मिळून त्या मुलाच्या चुका करण्याच्या संधी हिरावून घेतात.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे तीन प्रकारे शिकवली. काही स्वतःच्या हाताने लिहून, काही गिरवून आणि काही कळफलकावर दाबून. नंतर तीच अक्षरे दाखवून मुलांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. २०१२ मध्ये आलेल्या त्या लहानशा अभ्यासात वाचनाशी निगडित भाग उजळले ते स्वतः लिहिलेल्या अक्षरांसाठी. मुलाने काढलेले वेडेवाकडे अक्षर त्याच्या डोक्यात जास्त पक्के बसले होते.

ही जाण आपल्या मातीला नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम'ची कल्पना मांडली. हस्तव्यवसाय हा शाळेतला जास्तीचा विषय नसावा, त्याच्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवावे, असे ते सूत्र होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम शिकावे, असे म्हटले आहे. ते दहा दिवस नुसत्या सहलीत संपू नयेत, याकडे पालकांनी लक्ष ठेवायला हवे.

काय सोपवावे, काय राखावे

मग घरातले एखादे यंत्र घ्यावे की नाही, हे कसे ठरवायचे? किंमत आणि जागा पाहतोच, त्याबरोबर तीन प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न: या कामात नुसते कष्ट आहेत की त्यात अंदाजही लागतो? दळणे, पाणी उपसणे, चादरी पिळणे यांत कष्टच जास्त. ते निःशंकपणे यंत्राला द्यावेत. भाकरी थापणे, फोडणीचा वास ओळखणे, बटण लावणे, फाटलेले शिवणे, सायकलचे पंक्चर काढणे यांत अंदाज आहे, नजर आहे. ही कामे रोज हाताने करायची गरज नाही. पण आठवड्यातून एकदा तरी करावीत, म्हणजे हात विसरणार नाही.

दुसरा प्रश्न: यंत्र बंद पडले, वीज गेली, तर हे काम घरात कुणाला येते? उत्तर "फक्त आजीला" असे असेल, तर आजी आहे तोवर तिच्याकडून शिकून घ्यावे. ते व्हिडिओवर पाहून ठेवणे पुरेसे नाही. तिच्या शेजारी बसून, तिच्यासमोर दोन-चार भाकरी मोडाव्या लागतील.

तिसरा प्रश्न: राखलेले काम कुणाच्या हाताला येणार? "हाताने केलेले चांगले" म्हणत ते पुन्हा घरातल्या एकाच बाईच्या गळ्यात पडणार असेल, तर तो आरोग्याचा सल्ला उरत नाही. हात घरात सगळ्यांनाच दोन-दोन असतात.

थोडी काळजीही घ्यावी. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील तर तव्याशी थेट हात नको, चटका कळत नाही. शिकताना मनगट दुखू लागले तर थांबावे. काम एका बैठकीत उरकण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बरी. आणि हात अचानक दुबळा पडला, वस्तू गळून पडली, बोलणे अडखळले किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर मालिश, व्यायाम, वाट पाहणे यांत क्षणही घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पक्षाघातानंतर हातात सुधारणा व्हायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात आणि ती पूर्ण होईलच असे नाही. आधी मुठीत पीठ नुसते धरता येते. मग दाबता येते. मग एक दिवस गोळा होतो. त्या दिवशी घरच्यांनी यंत्राचे झाकण लावून ठेवावे आणि जी काही वाकडी, जाड, एका कडेला करपलेली भाकरी ताटात येईल, ती गरम असतानाच खावी.